डिजिटल सेट घेण्याआधी तळघरातून बोलून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या पालिकेच्या अग्निशमन दलाकडे ३ बंब, २ टँकर आणि १ रेस्क्यू गाडी आहे. हातात २२ वॉकीटॉकी आणि टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर एक रिपीटर, म्हणजे हातातल्या सेटचं बोलणं पकडून जास्त ताकदीने पुढे सोडणारं यंत्र. सगळं अ‍ॅनालॉग, १४ वर्षांपूर्वीचं, निम्म्या बॅटऱ्या मेलेल्या. आता निधी आलाय आणि तो मार्चअखेर खर्ची पडायला हवा. एक विक्रेता डीएमआर घ्या म्हणतो, दुसरा टेट्रा (दोन्ही डिजिटल रेडिओच्या पद्धती), तिसरा म्हणतो रेडिओ हवाच कशाला, मोबाइलवर बटण दाबून बोलायची सेवा घ्या. यातलं कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं बिनतारी यंत्रणा बसवतोय आणि दुरुस्त करतोय. पालिका, धरणं, जिल्ह्याचे आपत्ती कक्ष, एक-दोन मोठे कारखाने. त्या अनुभवावरून सांगतो, या तीन नावांतून एक निवडायची वेळ अजून आलेली नाही. त्याआधीचा प्रश्न सुटायचाय. धुरात शिरलेला माणूस बोलला, तर बाहेर बंबाजवळ उभ्या असलेल्या ऑफिसरला ते कळतं का? आज तुमच्या गावात याचं उत्तर काय आहे, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. विक्रेत्यांनीही ते विचारलेलं दिसत नाही.

अग्निशमन दलात दोन वेगळी बोलणी चालतात आणि खरेदीच्या वेळी ती एकात मिसळली जातात. पहिलं बोलणं कंट्रोल आणि गाडीचं. वर्दी आली, गाडी निघाली, टँकर पाठवा, एमएसईबीला सांगून लाइन बंद करा. हे लांबचं बोलणं आहे, इथे टेकडीवरचा रिपीटर लागतोच. दुसरं बोलणं घटनास्थळावरचं, आत गेलेल्या दोघांचं आणि बाहेर थांबलेल्यांचं. हे अंतर फार तर १०० मीटर, पण मध्ये भिंती, स्लॅब, गोदामातले लोखंडी रॅक. पहिलं बोलणं तुटलं तर पाच मिनिटं उशीर होतो, दुसरं तुटलं तर माणूस जातो. आणि बहुतेक ठिकाणी ही दोन्ही बोलणी त्याच एका रिपीटरवर चालतात, कारण सेटवर तेवढा एकच चॅनेल नीट भरलेला असतो.

यात काय बिघडतं ते बघा. टेकडीवरचा रिपीटर साधारण ४० वॅटने बोलतो, जवानाच्या हातातला सेट ५ वॅटने. म्हणजे आठपट फरक. त्यामुळे तळघरातल्या माणसाला कंट्रोलचा आवाज अगदी स्वच्छ येतो आणि आपलंही तिकडे पोचतंय असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याचे ५ वॅट दोन स्लॅब ओलांडून टेकडीपर्यंत जातच नाहीत. बाहेर २५ मीटरवर उभा असलेला ऑफिसर रिपीटरचं ऐकत असतो, म्हणून त्यालाही काही ऐकू येत नाही. आतला माणूस २५ मीटरवरच्या साहेबाशी बोलण्यासाठी ४ किलोमीटरवरच्या टेकडीची परवानगी मागत असतो. डिजिटल घेतलं म्हणून हे सुटत नाही. उलट डीएमआर सेट रिपीटर सापडला नाही तर नकाराचा टोन देऊन गप्प बसतो. अ‍ॅनालॉगवर निदान शेजारच्या सेटला खरखरीत का होईना, काहीतरी मिळालं असतं, अशी परिस्थितीही येते.

म्हणून पहिली गोष्ट, जिला जवळजवळ पैसाच लागत नाही. घटनास्थळासाठी वेगळा डायरेक्ट चॅनेल ठेवा, म्हणजे सेट ते सेट, मध्ये रिपीटर नाही. त्याची फ्रीक्वेन्सी परवान्यात मागून घ्या. आत जाणारे आणि बाहेरचा ऑफिसर डायरेक्टवर, तर पंप ऑपरेटर गाडीतल्या मोठ्या सेटवरून कंट्रोलशी. ऑफिसरला दोन्हीकडे कान ठेवायचा असेल तर त्याला दोन सेट द्या. एकाच सेटवर स्कॅन लावून दोन चॅनेल ऐकायचा मोह होतो, तो टाळा. सेट एक चॅनेल ऐकत असतो तेव्हाच दुसऱ्यावरची हाक निसटते, आणि निसटली हे कोणालाच कळत नाही.

आता डिजिटलकडे येतो, कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे.

अ‍ॅनालॉग सेट माइकमध्ये जे येईल ते सगळं पुढे पाठवतो, आवाज, वारा, पंपाची घरघर. डिजिटल सेट तसं करत नाही. तो बोलण्याचे तुकडे करून प्रत्येक तुकडा माणसाच्या आवाजाच्या साच्यात बसवतो, त्या साच्याचं वर्णन आकड्यांत पाठवतो, आणि पलीकडचा सेट त्या वर्णनावरून आवाज नव्याने घडवतो. डीएमआरमध्ये आवाजासाठी सेकंदाला फक्त २४५० बिट असतात. शांत खोलीत ही करामत सुंदर चालते, खरखर शून्य. म्हणूनच विक्रेत्याचं प्रात्यक्षिक नेहमी सभागृहात होतं. पण माइकमध्ये माणसाच्या आवाजासोबत दुसरा मोठा आवाज शिरला की साचा चुकतो. एका पालिकेत चाचणीला आम्ही बीए सेट (मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर) घातलेल्या जवानाला जिन्याखाली उभं केलं आणि सिलिंडरची शिट्टी वाजू दिली. दाब साधारण ५५ बारवर आला की जी वाजते तीच. तो म्हणत होता, ‘हवा संपत आली, बाहेर येतोय.’ वर उभ्या असलेल्या आम्हा चौघांना पाण्यात गुळण्या केल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ‘बाहेर’ हा शब्द चौघांपैकी एकालाही कळला नाही. त्याच जागी त्याच माणसाने अ‍ॅनालॉग सेटवरून तेच म्हटलं, तर शिट्टीही ऐकू आली आणि वाक्यही. शिट्टी ऐकू येणं हीसुद्धा माहितीच आहे, हे त्या दिवशी मला पटलं.

हा एकट्या माझा अनुभव नाही. मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने नवे डिजिटल हँडसेट वाटले आणि काही दिवसांत परत घेतले, कारण एका आगीत आतल्या जवानाची मदतीची हाक तिथल्याच सहकाऱ्यांना ऐकू गेली नव्हती. पुढे अमेरिकेतल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेने हा विषय लावून धरला आणि २००८ मध्ये तिथल्या एनटीआयए या सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेने मास्क, शिट्टी, करवत, पंप अशा आवाजांत अ‍ॅनालॉग आणि पी-२५ या तिथल्या डिजिटल पद्धतीची रीतसर तुलना केली. काही आवाजांत दोन्ही सारखे होते, काहींत दोन्ही निरुपयोगी, आणि काहींत डिजिटल स्पष्टपणे मागे पडलं. तेव्हापासून सेट सुधारलेत हेही खरं. आता दोन माइक लावून मागचा आवाज गाळणारे सेट मिळतात आणि त्यातले काही खरंच चांगले आहेत. तुमच्या चाचणीत असा सेट अ‍ॅनालॉगपेक्षा सरस ठरला तर जरूर तोच वापरा. माझा आग्रह एवढाच की निकाल सभागृहात लागू नये. मास्क घालून, शिट्टी वाजवून, बंबाचा पंप चालू ठेवून लागावा.

दुसरा फरक टोकाला गेल्यावर कळतो. अ‍ॅनालॉगचा सिग्नल कमी होत गेला की खरखर वाढत जाते. जुने फायरमन त्या खरखरीवरून ओळखतात की आता दोन पावलं खिडकीकडे सरकायला हवं. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो आणि मग एका पावलात तुटतो. कड्याच्या टोकाला कुंपण नसावं तसं. पडद्यावर सिग्नलच्या काड्या असतात, पण धुरात मास्क लावून, हातमोजे घालून त्या कोण बघणार?

मग डिजिटल घेऊच नका, असं म्हणतोय का? नाही. कंट्रोल ते गाडी या लांबच्या बोलण्यासाठी डीएमआर मला मनापासून आवडतो. १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर तो वेळेचे ३०-३० मिलिसेकंदांचे दोन हिस्से करतो, त्यामुळे एका रिपीटरवर दोन बोलणी एकाच वेळी चालतात. पुराच्या दिवशी एक हिस्सा बंबांना, एक बोटींच्या पथकांना देता येतो. आज तुमच्याकडे एक जण बोलत असताना बाकी सगळे गप्प बसतात, ते संपेल. हँडसेट निम्माच वेळ प्रक्षेपण करतो, म्हणून बॅटरीही जास्त टिकते. कोण बोलतंय त्याचा क्रमांक दिसतो, आपत्कालीन बटण मिळतं, गाडीचं ठिकाण नकाशावर येतं. अर्ध्या तासाच्या मुसळधार पावसात कोणती गाडी कुठे अडकली हे विचारण्यात चॅनेल अडून राहतो, तो मोकळा होतो.

म्हणून तुमच्या आकाराच्या दलाला माझा सल्ला असा: दोन्ही पद्धतींत चालणारे हँडसेट घ्या, रिपीटर डीएमआर टियर २ चा (म्हणजे साध्या रिपीटरवर चालणारा प्रकार), आणि घटनास्थळाचा डायरेक्ट चॅनेल तूर्त अ‍ॅनालॉग. संक्रमणाच्या काळात रिपीटर मिश्र पद्धतीत ठेवा, म्हणजे जुने सेटही चालतील. पण अ‍ॅनालॉग बोलणं सुरू असताना दोन हिस्स्यांचा फायदा मिळत नाही. त्यामुळे हा काळ सहा महिन्यांपेक्षा लांबवू नका.

टियर ३ आणि टेट्रा कधी? जेव्हा अनेक टॉवर, अनेक खाती आणि शेकडो सेट असतात आणि मोकळा चॅनेल कोणाला द्यायचा हे यंत्रणेने स्वतः ठरवायचं असतं तेव्हा. दिल्ली मेट्रो टेट्रावर चालते, तिथे ते शोभतं. २५ किलोहर्ट्झमध्ये चार बोलणी, झटपट जोडणी, शिस्तबद्ध गट. पण त्यामागे नियंत्रणाची मोठी यंत्रणा, जास्त टॉवर आणि ती सांभाळणारी माणसं लागतात. ६ गाड्यांसाठी हे म्हणजे वाड्याला किल्ल्याची तटबंदी. पी-२५ चं म्हणाल तर तो मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इकडचा संसार आहे, तुम्ही त्यात पडू नका.

मोबाइलवरच्या सेवेबद्दल मात्र ठाम बोलतो. पूरक म्हणून घ्या, वरिष्ठांना आणि लांब गेलेल्या गाडीला उपयोगी पडेल. एकमेव साधन म्हणून कधीच घेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतले मोबाइल तासन्‌तास मुके झाले होते. आपत्तीच्या दिवशी त्याच टॉवरवर सगळं गाव एकाच वेळी फोन लावतं, आणि टॉवरची वीज गेली की त्याची बॅटरी किती तास चालेल हे तुमच्या हातात नसतं. तुमचा टेकडीवरचा रिपीटर तुमच्या हातात असतो.

आता त्या टेकडीबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या निधीचा मोठा वाटा तिथे जायला हवा आणि एकाही कोटेशनमध्ये तो दिसत नाही. रेडिओच्या दोन्ही कोटेशनांत सेटची किंमत पहिल्या पानावर आहे आणि अँटेना-केबल शेवटच्या ओळीत, ‘एक नग’ म्हणून. टाकीवरची तुमची अँटेना ते खोली हे अंतर ३० मीटर आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे आरजी-२१३ केबल असेल तर १५० मेगाहर्ट्झच्या आसपास ३० मीटरमध्ये अडीच डेसिबलहून जास्त घट होते, म्हणजे जवळजवळ निम्मी शक्ती केबलच खाते. अर्ध्या इंचाची जाड केबल घातली तर घट एक डेसिबलच्या आत राहते. ही घट ऐकण्यातही होते, म्हणजे तळघरातल्या माणसाच्या ५ वॅटमधून जे काही टेकडीवर पोचलं, त्यातलंही निम्मं वाया.

एकदा मला घाईने बोलावलं, ‘नवीन डिजिटल यंत्रणा पावसात बंद पडते’ म्हणून. तीन महिने विक्रेता सॉफ्टवेअर बदलत होता. मी वर चढलो, अँटेनाखालचा कनेक्टर उघडला, आणि त्यातून हातावर पाणी ओघळलं. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती. कनेक्टरवर वीज मिस्त्रीची साधी काळी टेप गुंडाळलेली. आधीचा अ‍ॅनालॉग सेट त्याच केबलवर दोन पावसाळे खरखरत का होईना चालला होता, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. डिजिटलने ते झाकून घेतलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. म्हणून जुनी केबल ठेवून नवा रिपीटर जोडायचा प्रस्ताव असेल तर तो नाकारा. कनेक्टरवर स्वतःत मिसळून जाणारी रबरी टेप, त्यावर दुसरी टेप, आणि दर मे महिन्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) मोजून वहीत नोंद.

बॅटरीचा हिशेब विक्रेत्याकडून लेखी घ्या. ढोबळ असा: रिपीटर बोलताना साधारण ११ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना १. धावपळीच्या दिवशी तो पाव वेळ बोलतो असं धरलं तर सरासरी साडेतीन अँपिअर, म्हणजे २४ तासांना ८४ अँपिअर-तास. लेड अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उतरवायची नसते, म्हणून १५० अँपिअर-तासांची हवी. तुमच्याकडे आत्ता ६५ ची आहे आणि तीही ४ वर्षांची. पुराच्या रात्री ती पहाट बघेल असं मला वाटत नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात धरा: दोन बोलणी वेगळी करा, घटनास्थळाला डायरेक्ट चॅनेल, लांबच्या बोलण्याला डीएमआर, आणि टेकडीवर पैसे. आता सेट हातात आल्यानंतरचं बोलू, कारण निम्म्या यंत्रणा तिथे फसतात.

बटण दाबल्याबरोबर डिजिटल सेट लगेच बोलत नाही. त्याला रिपीटर जागा करायला, मेळ जमवायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात बोललेलं गळतं. आपल्याकडे याला भाषेची एक गोष्ट येऊन मिळते, जी परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. ‘आत जाऊ नका.’ घाईत माणूस शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटण सोडतो आणि पलीकडे ऐकू येतं ‘आत जाऊ’. उलटून ‘नका जाऊ आत’ म्हटलं तर सुरुवातीचा ‘नका’ गळतो आणि पुन्हा उरतं ‘जाऊ आत’. दोन्ही बाजूंनी नकारच मरतो. हे मी चाचणीत ध्वनिमुद्रित करून जवानांना ऐकवलंय, आणि ऐकल्यावर खोलीत कोणी बोलेना. म्हणून नकारार्थी हुकूमच देऊ नका. ‘थांबा’, ‘मागे या’, ‘बाहेर या’ असे सुटे, होकारार्थी शब्द ठरवून घ्या आणि ते दोनदा बोला. बटण दाबून मनात ‘एक’ म्हणा, मग समोरच्याचा कॉल साइन (रेडिओवर हाक मारायचं ठरलेलं नाव), मग काम. गळालाच तर कॉल साइनचा तुकडा गळेल, काम शाबूत राहील. ऐकणाऱ्याने हुकूम परत म्हणून दाखवायचा. ‘रॉजर’ म्हणणं पुरेसं नाही, कारण रॉजर चुकीचं ऐकलेल्यालाही म्हणता येतं.

ओरडू नका हेही शिकवावं लागतं. माइक तोंडापासून दोन बोटं, थोडा तिरका, आवाज नेहमीचा. तोंडाशी लावून ओरडलं की आवाज फाटतो आणि साच्यात बसत नाही.

सेटमध्ये चॅनेल आणि सेटिंग भरताना, म्हणजे कोडप्लग बनवताना, विक्रेत्याच्या मुलाला एकट्याला बसवू नका. तुमचा एक लीडिंग फायरमन शेजारी बसवा. ६४ चॅनेल मिळतात म्हणून ६४ भरू नका. सहा पुरे. चॅनेलचं फिरतं बटण ज्या टोकाला अडतं त्या टोकाला घटनास्थळाचा डायरेक्ट चॅनेल ठेवा, म्हणजे हातमोज्यातही ‘शेवटपर्यंत फिरव’ एवढं सांगितलं की झालं, आणि सर्व २२ सेटमध्ये तो त्याच जागी हवा. अजून एक बारीक गोष्ट: चॅनेल मोकळा असेल तरच बोलू द्यायचं, अशी एक सेटिंग असते. कचेरीत ती सभ्य वाटते. आपत्कालीन बटणासाठी आणि डायरेक्ट चॅनेलसाठी ती काढून टाका. मदत मागणाऱ्याला सेटने नाही म्हणता कामा नये.

सांकेतिक बोलण्याबद्दल तुम्ही विचारलंत. टेट्राच्या टीईए१ या सांकेतिक पद्धतीत २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की तिची किल्ली प्रत्यक्षात ३२ बिटांइतकीच कमजोर पडते, आणि साध्या संगणकावरही ती फुटते. म्हणून ‘सुरक्षित’ हा शब्द माहितीपत्रकात वाचून विश्वास ठेवू नका, कोणती पद्धत ते नावाने विचारा. पण तुम्हाला खरंच लपवायचंय काय? आगीवरचं बोलणं कोणी ऐकलं तर बिघडत नाही. किल्ली चुकल्यामुळे शेजारच्या पालिकेचा बंब तुमचं बोलणं ऐकू शकला नाही, तर मात्र बिघडतं. मदतीला येणाऱ्या दलांशी एक साधा, उघडा, समान अ‍ॅनालॉग चॅनेल ठरवून घ्या. पोलिसांच्या फ्रीक्वेन्सी आपल्या सेटमध्ये भरू नका, ती त्यांची यंत्रणा आहे. तुमचा एक सेट आणि चार्जर त्यांच्या कंट्रोल रूममध्ये लेखी देऊन ठेवा आणि दर सोमवारी त्यावर हाक मारा.

दर सोमवारी का, तर ११ सप्टेंबर २००१ ची गोष्ट सांगतो. जागतिक व्यापार केंद्रात १९९३ च्या स्फोटानंतर खास अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. त्या सकाळी उत्तर मनोऱ्याच्या तळाशी अधिकाऱ्यांनी तो तपासला आणि चालत नाही असं समजून सोडून दिला. नंतरच्या चौकशीत निघालं की रिपीटर चालू होता, पण तिथला फोनसारखा हँडसेट जागा करायचं दुसरं बटण दाबलं गेलं नव्हतं. एका बटणाचा प्रश्न. यंत्रं रोज हाताखालून गेली नाहीत तर त्या क्षणी ती परकी होतात, आणि त्यात त्या माणसांचा दोष नसतो.

परवान्याबाबत मार्चअखेरची घाई तुम्हाला अडचणीत आणेल. पालिका असलात तरी फ्रीक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, टेकडीवरच्या मास्टसाठी सॅकफाची (अँटेनाच्या जागेला मंजुरी देणाऱ्या समितीची) मंजुरी वेगळी. याला महिने लागतात. एका ठिकाणी फ्रीक्वेन्सी हातात यायच्या आधी सेट घेतले गेले. सात महिने कपाटात पडून होते, आणि बाहेर काढले तेव्हा हमीचा काळ अर्धा संपलेला. तुमच्या जुन्या परवान्यात डिजिटल प्रकार नोंदलेला नसेल तर दुरुस्ती लागेल, ते आजच तपासा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे विनापरवाना सेट कोणी ‘तात्पुरते’ म्हणून सुचवले तर मिरवणुकीच्या बंदोबस्ताला वापरा, आगीवर नको.

इथे परिस्थितीवर अवलंबून असलेलं कबूल करतो. तुमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे, म्हणून मी व्हीएचएफ, म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी, गृहीत धरलंय. झाडी आणि चढउतार त्याला बरे सोसतात. पण तुमच्याकडे उंच इमारती आणि मॉल वाढत असतील तर आतल्या बोलण्याला यूएचएफ (त्याहून वरच्या फ्रीक्वेन्सी) सरस ठरू शकतं, ते खिडक्या-जिन्यांतून चांगलं शिरतं. आणि टेकडीमागच्या दोन वाड्यांत आज आवाज पोचत नसेल, तर तो उद्याही पोचणार नाही, दुसरी जागा शोधावी लागेल.

निविदेत एक अट मात्र कोणत्याही परिस्थितीत घाला: स्वीकृती चाचणी तुमच्या जागांवर. गावातल्या सर्वांत वाईट २० जागा तुम्ही निवडा. बाजारपेठेतलं तळघर, शीतगृह, सिनेमागृहाचा प्रोजेक्टरखालचा जिना, रुग्णालयाची एक्स-रे खोली, नदीकाठचा उतार. प्रत्येक जागेवरून एकाने अनोळखी शब्द आणि आकडे वाचायचे, दुसऱ्याने ऐकून लिहायचे, मग दोन कागद जुळवायचे. ‘येतंय ना?’ ‘येतंय’ ही चाचणी नव्हे, कारण ओळखीचं वाक्य कान स्वतःच पूर्ण करतो. क्वचितच परत विचारावं लागलं तर उत्तीर्ण. शेवटचा हप्ता या कागदावर सही झाल्याशिवाय देऊ नका.

ही चाचणी खरेदीआधी जुन्या सेटवरच एकदा करा, एका रविवारी होते. २० जागांचे कागद, प्रत्येक जागेवर रिपीटरवरून काय आलं आणि डायरेक्टवरून काय आलं, दोन्ही लिहा. टाकीवरच्या केबलवर छापलेला क्रमांक आणि तुमच्या परवान्यातल्या दोन फ्रीक्वेन्सींमधलं अंतर कळवा, त्यावरून कोणता डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) लागेल ते सांगता येईल. अँटेना कोणती आणि किती उंचीवर, ते त्या कागदांवरून ठरवू.